अंगतपंगत : आणण्याचे आणि घेण्याचे

पावसाळा सरला की कार्यालयांच्या भोजनगृहांत, गृहनिर्माण संस्थांच्या गच्च्यांवर आणि महिला मंडळांच्या सभागृहांत अंगतपंगतीचा हंगाम सुरू होतो. कोजागिरी असो, कार्तिकातील आवळीभोजन असो, हुरड्याच्या दिवसांतील सहल असो किंवा एखाद्या सहकाऱ्याचा निवृत्तिसमारंभ असो. प्रत्येकाने घरून एक पदार्थ करून आणावा आणि सर्वांनी मिळून तो खावा, ही कल्पना मराठी समाजाला नवी नाही. शहरांत तिला आता ‘वन डिश पार्टी’ म्हणतात. परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत ‘पॉटलक’ हा शब्द रुळला आहे. नाव काहीही असले, तरी अशा भोजनाचे काही अलिखित नियम असतात आणि ते मोडले गेल्याची कुरबुरही पंगतीइतकीच जुनी आहे. अमुक एकाने चार माणसांचे कुटुंब आणले आणि वाटीभर कोशिंबीर आणली. तमुक बाईंनी बाजारातून ढोकळा उचलून आणला. आणखी कोणी सर्वांच्या आधी पान वाढून घेतले, अशा तक्रारी समारंभानंतर आठवडाभर चघळल्या जातात.

या तक्रारींत तथ्य नसते असे नाही. परंतु त्या सर्व एकाच बाजूच्या आहेत, हे सहसा ध्यानात येत नाही. कोणी काय आणले, किती आणले, कसे आणले, याचीच चर्चा होते. आणलेले कोणी घेतले आणि कोणी घेतले नाही, याविषयी मात्र सारे मौन पाळतात. वस्तुतः अंगतपंगतीची खरी कसोटी आणण्यात नसून घेण्यात आहे.

आणण्याचे नियम तसे सोपे आहेत. आपल्या घरची जितकी माणसे जेवणार, त्यांना पुरेल इतके तरी अन्न आपल्या डब्यात असावे. पदार्थ थंड झाला तरी चवीला टिकणारा असावा. वाढण्यासाठी डाव किंवा चमचा बरोबर असावा. आयत्या वेळी दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात फोडणी करायला जाऊ नये. पदार्थात काय घातले आहे, हे स्पष्ट सांगणे ही तर आता केवळ सौजन्याची बाब राहिलेली नाही. दाण्याच्या कुटाशिवाय ज्यांचे पान हलत नाही अशा घरांना कल्पनाही नसते की शेंगदाणा काहींच्या जिवावर बेतू शकतो. कोणाचा उपवास असतो, कोणी कांदा-लसूण वर्ज्य केलेला असतो, कोणाला मधुमेह असतो. भांड्यावर कागदाचा एक कपटा चिकटवला तर हे सारे प्रश्न सुटतात. त्याचप्रमाणे शिजवलेले अन्न नेहमीच्या तापमानात दोन तासांहून अधिक काळ ठेवू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या अन्नसुरक्षेच्या सूत्रांत सांगितले आहे. सकाळी सहाला रांधलेला मसालेभात दुपारी दीडपर्यंत कार्यालयातील कपाटावर ठेवणाऱ्यांनी याचा विचार अवश्य करावा.

इतके नियम पाळले की आणणाऱ्याचे कर्तव्य संपते. त्याने आणलेला पदार्थ किती महाग आहे, किती कष्टाचा आहे, घरचा आहे की दुकानातला, याची मोजदाद करण्याचा अधिकार पंगतीला नाही. पंगत ही वर्गणी नव्हे. वर्गणीत प्रत्येकाचा वाटा समान असावा अशी अपेक्षा रास्त ठरते. अंगतपंगतीत ज्याने त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे आणावे आणि भुकेप्रमाणे खावे, हाच न्याय. ज्या कार्यालयात अधिकारी आणि शिपाई एकाच पंगतीला बसतात, तेथे एकाने सुक्या मेव्याची खीर आणली आणि दुसऱ्याने उकडलेले शेंगदाणे आणले, तर दोघांनीही सारखेच आणले असे मानता आले पाहिजे. ते मानता येत नसेल, तर एकत्र जेवण्याचा खटाटोप न केलेला बरा.

याच संदर्भात आणखी एका अन्यायाचा उल्लेख करणे आवश्यक आहे. पदार्थांच्या यादीत नावे पुरुषांची असतात आणि चुलीपाशी उभ्या असतात त्यांच्या बायका. ‘वहिनींना सांगा, मागच्यासारखी पुरणपोळी हवी’ अशी फर्माईश सहज केली जाते. वहिनी स्वतः नोकरी करतात की नाही, पंगतीला त्यांना बोलावले आहे की नाही, याची विचारपूस होत नाही. उलट नोकरी करणाऱ्या स्त्रीने दुकानातून मिठाई आणली की भुवया उंचावतात. तीच मिठाई पुरुष सहकाऱ्याने आणली तर त्याच्या उदारपणाचे कौतुक होते. करणारीचे श्रम जेथे हिशेबात धरले जात नाहीत, तेथे पदार्थाच्या दर्जावर टीका करण्याचा हक्क कोणालाही पोहोचत नाही.

पण हे सारे आणण्याविषयी झाले. घेण्याचा प्रश्न याहून खोल आहे.

‘पॉटलक’ या इंग्रजी शब्दाचा इतिहास येथे बोधप्रद ठरतो. सोळाव्या शतकापासून प्रचारात असलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ सर्वांनी मिळून पदार्थ आणावेत असा नव्हताच. अवचित आलेल्या पाहुण्याने चुलीवरच्या भांड्यात त्या दिवशी जे असेल ते आपल्या नशिबाचे म्हणून गोड मानून घ्यावे, असा तो अर्थ होता. म्हणजे शब्दाचा मूळ भर देणाऱ्यावर नसून घेणाऱ्यावर होता. आपल्याकडील गोपाळकाल्याचे मर्मही हेच आहे. आषाढी पौर्णिमेला पंढरपूरजवळच्या गोपाळपूरला काला होतो आणि तेथे वारीची सांगता होते. गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या आणाव्यात आणि कृष्णाने त्या एकत्र कालवाव्यात, ही त्यामागील कथा. कोणाच्या शिदोरीत दही होते, कोणाच्या पोहे, कोणाच्या नुसत्या लाह्या. काला झाल्यावर कोणाचे काय, हे वेगळे काढता येत नाही. जो काला घेतो तो सर्वांच्या घरचे घेतो. आपल्याला नको त्या घराचा घास बाजूला सारण्याची सोय काल्यात नाही.

ही सोय नसणे किती महत्त्वाचे आहे, हे एकोणिसाव्या शतकातील सुधारकांनी अचूक ओळखले होते. १८४९ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या परमहंस सभेत प्रवेश घेणाऱ्याला ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे. जातिभेद मानत नाही असे तोंडाने म्हणणे पुरेसे नव्हते; ते घशाखाली उतरवून दाखवावे लागे. सभेचे कामकाज गुप्तपणे चाले, यावरूनच त्या एका घासाची किंमत कळते. पुढे १८९० मध्ये पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक प्रभृतींसमोर चहा-बिस्किटे आली, तेव्हा ती घेतल्याच्या आरोपावरून केवढे ग्रामण्य माजले आणि प्रायश्चित्तापर्यंत प्रकरण कसे गेले, हे सर्वश्रुत आहे. चहा कोणी कोणाला दिला, यावर कोणाचाच आक्षेप नव्हता. तो घेतला गेला, हाच अपराध ठरला.

राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात हेच सूत्र उलट्या बाजूने अमलात आणले. अस्पृश्य समाजातील गंगाराम कांबळे यांना चहाचे दुकान घालण्यास त्यांनी साहाय्य केले. परंतु तेवढ्यावर न थांबता ते स्वतः तेथे जाऊन चहा घेऊ लागले आणि आपल्या बरोबरच्या मंडळींनाही घ्यायला लावू लागले. छत्रपतींनी कांबळे यांना दान दिले असते तर दातृत्वाची एक कथा शिल्लक राहिली असती. त्यांच्या हातचा चहा घेतल्याने समतेचा एक धडा शिल्लक राहिला. गरिबाला जेवू घालणे या देशात कधीच अवघड नव्हते. अन्नछत्रे आणि सदावर्ते येथे शतकानुशतके चालत आली आहेत. अवघड होते ते त्याच्या हातचे खाणे.

आज हा प्रश्न मिटला आहे, असे समजणारे पुष्कळ आहेत. संविधानाच्या १७व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ च्या कायद्याने तिचे आचरण शिक्षापात्र ठरवले. १९७६ मध्ये तोच कायदा अधिक कडक होऊन नागरी हक्क संरक्षण कायदा या नावाने ओळखला जाऊ लागला. उपाहारगृहाचे दार कोणालाही बंद करता येत नाही. हे सारे खरे आहे आणि त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. तथापि कायद्याचा हात अंगतपंगतीच्या टेबलापर्यंत पोहोचत नाही. कोणाच्या भांड्यातून एक चमचा घ्यावा आणि कोणाच्या भांड्यातून घेऊ नये, हे सांगणारे कलम नाही आणि ते असूही शकत नाही. म्हणूनच जे उपाहारगृहातून हद्दपार झाले, ते या टेबलावर सभ्यतेचा वेष घेऊन टिकून राहते.

ते कसे टिकते, हे पाहण्यासाठी पदार्थांच्या याद्या पाहाव्यात. कोणाला पुरणपोळी सांगितली जाते, कोणाला भाजी, कोणाला भात. आणि एखाद्याला दरवर्षी न चुकता कागदी ताटल्या, पाण्याच्या बाटल्या किंवा केळी आणायला सांगतात. सांगण्याची पद्धत मोठी गोड असते. ‘तुम्ही कशाला त्रास घेता?’ असे म्हटले जाते. ज्याला हे ऐकावे लागते त्याला त्याचा अर्थ पहिल्याच वर्षी कळलेला असतो. क्वचित तो आग्रहाने घरून काही करून आणतोच. मग पंगत उठते, सगळी भांडी रिकामी झालेली असतात आणि एकच डबा जवळजवळ भरलेला घरी परत जातो. कोणी वावगा शब्द बोललेले नसते. सर्वजण त्याच्याशी हसून वागलेले असतात. परंतु त्या परत गेलेल्या डब्याने घरच्या माणसांना जे सांगितले, ते कोणत्याही शिवीहून कमी नसते.

येथे एक आक्षेप अपेक्षित आहे. प्रत्येकाच्या खाण्याच्या काही निष्ठा असतात. शाकाहारी माणसाने केवळ समतेच्या नावाखाली सामिष खावे, अशी सक्ती करायची काय? अर्थातच नाही. पदार्थ नाकारण्याचे स्वातंत्र्य प्रत्येकाला आहे. मटण न खाणाऱ्याने मटण घेऊ नये. ते वेगळ्या टेबलावर आणि वेगळ्या डावाने वाढले जावे, अशी व्यवस्था मागण्यातही गैर काही नाही. मात्र पदार्थ नाकारणे वेगळे आणि हात नाकारणे वेगळे. मटण न घेणारा माणूस त्याच घरातून आलेली ज्वारीची भाकरी, लसणाची चटणी किंवा काकडीची कोशिंबीर घेतो की नाही, यावरून त्याचा नकार कोणत्या जातीचा आहे हे कळते. भाकरीही नको असेल, तर शाकाहाराचे नाव पुढे करण्यात अर्थ नाही. तसेच, सर्वांच्या सोयीसाठी म्हणून एकाच वर्गाच्या अन्नाला ‘सात्त्विक’ ठरवून बाकी सारे पदार्थ पंगतीतूनच बाद करणे, हीसुद्धा व्यवस्था नव्हे. ती निवड आहे, आणि निवड करणाऱ्यांनी ती तशीच मान्य करावी.

यावर उपाय मोठे नाहीत. पदार्थांची वाटणी चिठ्ठ्या टाकून किंवा पाळीपाळीने करावी, म्हणजे ताटल्या आणि केळी आणण्याची पाळी साहेबांवरही येईल. ज्यांना घरी करणे जमत नाही त्यांनी विकत आणावे आणि त्याबद्दल कोणी त्यांना खुलासा विचारू नये. पदार्थांतील घटक भांड्यावर लिहावेत, आणणाऱ्याचे नाव मात्र लिहू नये. पदार्थ आवडला तर विचारून कृती मागावी. आणि जो समारंभाचा यजमान किंवा कार्यालयाचा प्रमुख असेल, त्याने आपल्या पथ्याला चालेल तेवढा प्रत्येक भांड्यातील एक घास सर्वांदेखत घ्यावा. शेवटी उरलेले अन्न वाटून न्यावे. कोणाचाही भरलेला डबा त्याच्याच हाती परत जाऊ देऊ नये.

यात नाटकीपणा आहे, असे काहींना वाटेल. परंतु शिष्टाचार म्हणजे तरी काय? मनात जे अजून पुरते उतरलेले नाही, ते आचरणाने आधी करून दाखवण्याची सवय, हाच शिष्टाचाराचा उपयोग असतो. परमहंस सभेतील पावाचा तुकडा तोंडात घालताना किती जणांचे हात थरथरले असतील, याची कल्पना करता येते. तो तुकडा तरीही खाल्ला गेला, आणि त्यानंतर तो खाणे उत्तरोत्तर सोपे होत गेले.

अंगतपंगत हा करमणुकीचा प्रसंग आहे आणि त्याने तसाच राहावे. तेथे व्याख्याने नकोत, प्रतिज्ञा नकोत. परंतु भांड्यांच्या त्या रांगेपुढे हातात ताट घेऊन उभा राहणारा प्रत्येक जण, आपण कोणाच्या घरचे आहोत आणि कोणाला आपल्या घरचे मानतो, याचे उत्तर न बोलता देत असतो. ते उत्तर कमी-जास्त कोशिंबिरीच्या तक्रारींपेक्षा पुष्कळ महत्त्वाचे आहे. चांगल्या पंगतीची खूण पदार्थांच्या संख्येत शोधू नये. शेवटी किती डबे रिकामे होऊन घरी गेले, हे मोजावे.