परसबाग राखायची, पण कुणाच्या जिवावर नको



शाळेच्या परसबागेचा विषय निघाला की आपल्याकडं दोन तक्रारी हमखास येतात. पहिली पाण्याची, दुसरी कुत्र्यांची. "मेथीचा वाफा रात्रीतून उकरून टाकला", "वांग्याच्या रोपांवर कुत्रं लोळलं", असं कुणीतरी सांगतं. मग उपाय सुचतात. कुणी म्हणतं दगड मारा, कुणी म्हणतं डांबर गोळ्या टाका. आणि एखादा हळूच म्हणतो, "थोडं थिमेट टाका, परत येणार नाही."

हा शेवटचा उपाय कुणीही, कधीही करू नये, असं माझं ठाम मत आहे. कुत्र्यापासून बाग आणि बागेपासून कुत्रा, दोन्ही एकाच वेळी राखता येतात. त्याला पैसा फार लागत नाही. मांडणी तेवढी बदलावी लागते.

कुत्रा वाफ्यात का येतो?

कुत्र्याला आपल्या बागेचा राग नसतो. झरीसारख्या गावात एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढं जातो. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकून तो अंग थंड करतो. अशा वेळी गावात ओली, गार माती कुठं असते? आपण सकाळीच पाणी दिलेल्या वाफ्यात! तो माती उकरतो आणि गारव्याला पोट टेकून बसतो.

दुसरं कारण वासाचं. पोषण आहाराची ताटं धुतलेलं पाणी आपण बागेकडं वळवतो. ते चांगलंच आहे, पण त्यासोबत खिचडीची शितंही जातात. ती शितं हुंगत कुत्रा थेट मेथीत येतो. म्हणजे आमंत्रण आपणच दिलेलं असतं.

यावर उपाय साधे आहेत. उष्टं वेगळ्या झाकणाच्या बादलीत जमा करावं. ताटांचं पाणी जाळीतून गाळून बागेत सोडावं. खताचा खड्डा झाकलेला असावा. वाफ्यावर तुराट्या आडव्या टाकल्या, तर कुत्र्याला बसायला सपाट जागा उरत नाही. आणि कुंपण म्हणाल तर कापूस वेचून झाला की पऱ्हाट्या आपल्याकडं ढिगानं असतात. पऱ्हाट्या-तुराट्यांचा कंबरेएवढा कूड पोरं आणि पालक मिळून दोन दिवसांत बांधतात. रोपावर कुत्र्यानं लघवी केली, तर लगेच भरपूर पाणी ओतावं, म्हणजे पानं करपत नाहीत.

थिमेटचं काय?

थिमेट म्हणजे फोरेट. आपल्या देशात त्याच्या वापरावर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. तरीही जुना साठा एखाद्या कोठ्यात निघतो. हे विष मज्जासंस्थेवर काम करतं. लाळ गळते, झटके येतात, श्वास कोंडतो. ते कुत्र्याला जसं मारतं, तसंच माणसालाही. ज्या मातीत टाकलं, त्याच मातीत दुसऱ्या दिवशी दुसरीतलं लेकरू हातानं गवत उपटणार आहे. त्याच वाफ्यातली मेथी ताटात येणार आहे. डांबर गोळ्यांचंही तेच. पांढरी गोळी लहान मुलाला खडीसाखरेसारखी दिसते.

कायदाही स्पष्ट आहे. प्राण्याला विष घालून मारणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली गुन्हा आहे.

बागेपासून कुत्र्याला जपा

ही बाजू आपण विसरतोच. गुरं खात नाहीत म्हणून शाळेच्या कडेनं कण्हेर लावली जाते. कण्हेरीचा प्रत्येक भाग विषारी आहे, वाळलेलं पानसुद्धा. पिवळ्या कण्हेरीची बी, म्हणजे बिट्टी, तर मुलं खेळायला घेतात. धोत्राही तसाच घातक. खत म्हणून एरंडीची पेंड टाकली, तर तिच्या वासानं कुत्रा ती खातो आणि जिवाला मुकू शकतो. त्याऐवजी निंबोळी पेंड वापरा. ती कडू असते, कुत्रा सहसा तोंड लावत नाही.

घरी कुत्रा पाळला असेल, तर कोरफड, मनी प्लांट, सायकस त्याच्या तोंडाला लागणार नाहीत असे ठेवा. गुलाब, मोगरा, कोथिंबीर, काकडी यांची भीती नाही. कुत्र्यानं काही विषारी खाल्लंच, तर मीठपाणी पाजून उलटी काढत बसू नका. खाल्लेलं पान किंवा औषधाची पुडी सोबत घ्या आणि तातडीनं पशुवैद्य गाठा. परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. १९६२ हा टोल फ्री क्रमांकही लक्षात ठेवा.

"लेकरांना चावतं त्याचं काय?"

हा प्रश्न रास्त आहे. मीही लेकरांनाच शिकवतो. सर्वोच्च न्यायालयानं ७ नोव्हेंबर २०२५ रोजी शाळांची आवारं कुंपण, भिंत, फाटक घालून सुरक्षित करायला सांगितलं. म्हणून शाळेच्या आवारात कुत्र्यांना खाऊ घालू नये, हे मलाही मान्य आहे. चावा झालाच, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि लगेच दवाखान्यात जाऊन लस सुरू करायची. हळद-चुना लावायचा नाही. हे प्रत्येक मुलाला पाठ असायला हवं. पण दगड मारल्यानं कुत्रं शांत होत नाही, उलट बिथरतं. आणि त्याच्या वाटेत उद्या तिसरं कुणीतरी लेकरू येतं.

वर्गात काय करता येईल?

परिसर अभ्यासाच्या तासाला मुलांना शाळेभोवती फिरवा. विषारी झाडं कोणती, ओल कुठं राहते, कुत्री कुठून येतात, याचा नकाशा त्यांच्याकडूनच काढून घ्या. पऱ्हाट्या किती लागतील, हे गणित आपोआप होतं. कण्हेर काढायची की कुंपणाबाहेर ठेवायची, यावर त्यांनाच बोलू द्या.

संत नामदेवांची गोष्ट आपण सगळेच सांगतो. कुत्र्यानं पोळी पळवली, तर ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागं धावले. नामदेवांचं नरसी पूर्वी आपल्याच परभणी जिल्ह्यात होतं, १९९९ पासून हिंगोलीत आहे. एवढ्या जवळची ही गोष्ट फक्त तोंडी सांगायची आणि मागच्या दारानं थिमेट टाकायचं, हे मुलांच्या नजरेतून सुटत नाही. मुलं आपलं बोलणं विसरतात, वागणं विसरत नाहीत.

यंदा कापसाच्या पऱ्हाट्या पेटवून देण्याआधी दोन भारे शाळेसाठी बाजूला काढा. एवढी एकच विनंती.