बाकावरच्या पाच जणांचं काय?

कॉलेजच्या नोटीस बोर्डवर कबड्डीच्या टीमची १२ नावं लागतात. तुमचं नाव त्यात आलं की घरी पेढे, ग्रुपवर अभिनंदनाचे मेसेज. मग स्पर्धेच्या दिवशी मॅटवर ७ जण उतरतात आणि उरलेले ५ जण टॉवेल, पाण्याच्या बाटल्या आणि इतरांचे मोबाइल सांभाळतात. भल्या पहाटे सरावाला मात्र सगळेच आलेले असतात.

'तो सरांचा लाडका आहे', असं आपण लगेच म्हणतो. असेलही, वशिला काय फक्त ऑफिसातच चालतो? पण लेफ्ट कॉर्नरला तुमच्यापेक्षा भारी पकड करणारा कुणी असेल, तर त्यानंच खेळायला हवं. जागेसाठी चुरस हवीच. खरी गोची आहे ती मॅचच कमी असण्याची.

गणित करून बघा. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा बऱ्याचदा बाद पद्धतीनं होते. १६ कॉलेजं आली, तर ८ टीम पहिल्याच फेरीत घरी. पुरुषांची मॅच ४० मिनिटांची. म्हणजे अर्ध्या टीमचा वर्षभराचा घाम ४० मिनिटांत संपला! हरलो की बॅग भरायची, असं असताना कुठले सर नवख्याला चढाईला पाठवतील? त्यांच्या जागी तुम्ही असता, तर तुम्हीही पाठवलं नसतं. याच १६ टीमचे चार-चारचे गट केले, तर प्रत्येकीला निदान ३ मॅच मिळतात. मग एखाद्या मॅचमध्ये राखीव खेळाडूला उतरवायची हिंमत होते. खर्च वाढेल, मान्य. पंच, मॅट, जेवणखाण, सगळंच वाढेल. पण गॅदरिंगच्या डीजेला पैसे निघतातच ना?

एका गोष्टीत मात्र सरांना सूट नाही. २० गुणांची आघाडी आहे, पाच मिनिटं उरलीत, तरी चढाईला तोच स्टार! बदली खेळाडू उतरवायची मुभा नियमातच आहे, ती तेव्हा नाही वापरायची तर कधी? विद्यापीठाच्या टीमसाठी निवड करणाऱ्यांना खेळणारा दिसतो, बाकावरचा दिसत नाही. आणि तीन वर्षं बाकावर गेली की हातात डिग्री येते आणि कॉलेज सुटतं.

तुम्ही त्या पाचांत असाल, तर कँटीनमध्ये कुढत बसू नका. सरांना सरळ विचारा, 'सर, माझं नेमकं काय कमी पडतंय?' पकड कच्ची आहे की दम, ते तरी कळेल. 'बघू पुढच्या वर्षी' असं गुळमुळीत उत्तर आलं, तर जिमखान्याच्या मीटिंगमध्ये बी टीमचा विषय काढा. शेजारच्या कॉलेजातही पाच जण असेच बसलेत. दोन्हीकडून मेन टीमचे दोन-दोन गडी उसने घेतले की सात विरुद्ध सात होतात. ग्राउंड रविवारी सकाळी रिकामंच असतं.