शेवटचीं छत्तीस माणसें

स्कॉटलंडच्या पश्चिमेस, आउटर हेब्रिडीज बेटांच्याही पलीकडे सुमारें ४० मैलांवर, अटलांटिक महासागरांत सेंट किल्डा नांवाचा लहानसा द्वीपसमूह आहे. त्यांतील हिर्टा बेटावर शेंकडों वर्षें लोक नांदत होते. ता. २९ आगस्ट १९३० रोजीं तेथील उरलेलीं ३६ माणसें ‘हेअरबेल’ या आरमारी जहाजांत बसून कायमचीं निघून गेलीं. एक सबंध गांव आपण होऊन असें कां उठलें, हें एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या वाचकांनीं समजून घेण्याजोगें आहे.

हिर्टावर झाड म्हणून नव्हतें. थोडें ओट, थोडे जव, कांहीं मेंढ्या. आणि मुख्य आधार समुद्रपक्ष्यांचा. पुरुष दोरानें कड्यावरून खालीं उतरून पक्षी व अंडीं आणीत. आपल्या घरांस हें अन्न रुचणार नाहीं, पण तेथें दुसरा उपायच नव्हता. पिसें, पक्ष्यांचें तेल व लोकरी कापड देऊन जमीनदाराचा खंड भागे. रोज सकाळीं पुरुषमंडळी गांवच्या एकुलत्या रस्त्यावर जमून दिवसाचें काम ठरवीत. पाहुण्यांनीं त्या बैठकीस ‘पार्लमेंट’ असें नांव ठेविलें होतें. जें हातीं लागे तें घरोघर वांटलें जाई. विधवा किंवा वृद्ध यांचा वांटा चुकत नसे.

पुढें दिवस फिरले. १८५२ सालीं ३६ जण आस्ट्रेलियास निघाले. त्यांतील पुष्कळ वाटेंतच वारले. नवजात अर्भकें धनुर्वातानें दगावत. आगबोटींतून प्रवासी येऊं लागले, तसा बेटांत पैशाचा व्यवहार शिरला. उलट पिसांना व तेलाला बाहेरची मागणी राहिली नाहीं. १९१२ सालीं अन्नाचा तुटवडा पडला, पुढल्याच वर्षीं इन्फ्लुएन्झा आला. पहिल्या महायुद्धांत तेथें आरमारी ठाणें होतें, म्हणून कांहीं काळ टपाल, माल व मजुरी मिळाली. तें उठतांच तरुण मंडळी एकामागून एक बाहेर पडली. १९२० सालचीं ७३ माणसें १९२८ सालीं ३७ वर आलीं.

खरी टंचाई पडली ती हातांची. होडी वल्हवावयास माणसें लागतात. कड्यावरून खालीं उतरणाऱ्याचा दोर वर धरावयासही माणसें लागतात. १९३० सालीं बेटावर पुरुष उरले होते अवघे १३. त्यांतील कांहींनीं जाण्याचा निश्चय केला, तेव्हां मागें राहणाऱ्यांचा निभाव लागणार नाहीं हें सर्वांस कळून चुकलें. बेटावरील परिचारिका विल्यमिना बार्क्ले यांनीं त्यांस धीर दिला, आणि मे महिन्यांत बेटकऱ्यांनीं स्वतःच सरकारकडे अर्ज केला.

निघतांना त्यांनीं घरोघरीं बायबल उघडें ठेविलें, त्याजवळ ओटाचे मूठभर दाणे ठेविले आणि दारें ओढून घेतलीं. ज्यांनीं जन्मांत झाड पाहिलें नव्हतें त्यांच्यापैकीं कित्येकांस मुख्य भूमीवर जंगलखात्यांत नोकरी मिळाली! हिर्टावर जन्मलेल्यांपैकीं शेवटची व्यक्ति २०१६ सालीं निवर्तली.

यांत कोणी आळशी नव्हता, कोणी भांडखोर नव्हता. जो तो आपल्या भल्यासाठीं गेला, आणि त्यांत गैर कांहींच नव्हतें. आपल्या घरांतूनही एकेक मूल शिक्षणासाठीं, नोकरीसाठीं दूर जातें. आपण त्यास दहींसाखर हातावर घालून आनंदानें निरोप देतों, आणि तें योग्यच आहे. मात्र दोराचें दुसरें टोंक धरावयास घरीं किती हात उरले, हेंही त्याच वेळीं मोजून पाहावें.