स्मोकी आय आणि डबीमागची बारीक अक्षरे

‘स्मोकी आय’ या शब्दाला मराठी प्रतिशब्द शोधण्याचा मोह मला झाला होता; तो मी लगेच आवरला. शब्दशः रूपांतर केले तर ‘धूम्राक्ष’ होते, आणि धूम्राक्ष हा तर रावणाच्या सैन्यातला राक्षस! लग्नघरात नवरीला कोणी त्या नावाने संबोधले तर काय प्रसंग ओढवेल, याची कल्पनाच केलेली बरी. तेव्हा शब्द आहे तसाच राहू द्यावा.

शब्द परका असला तरी वस्तू आता आपल्या घरात आलेली आहे. लग्नसराईत ब्यूटीशियनच्या दरपत्रकात तो असतो, संगीताच्या कार्यक्रमासाठी मुली त्याचा आग्रह धरतात, आणि घरातील ज्येष्ठ मंडळी ‘डोळ्यांखाली काळे आल्यासारखे दिसते’ म्हणून नाक मुरडतात. असे वाद मी आमच्या व्यापक कुटुंबात बरेच ऐकले आहेत. माझे नम्र मत असे की हा वाद चुकीच्या कलमावर चाललेला आहे. डोळे किती काळे करावेत हा ज्याच्या-त्याच्या आवडीचा प्रश्न. ते कशाने काळे केले, हा प्रश्न मात्र साऱ्या घराने विचारण्यासारखा आहे.

काळ्या डोळ्यांचे आपल्याला वावडे असण्याचे कारणच नाही. एरंडेलाचा किंवा तुपाचा दिवा लावून त्यावर तांब्याचे पात्र पालथे धरायचे, जमलेली काजळी तुपात खलून डबीत भरायची, हे आमच्या आई-आजींचे नित्याचे काम होते. श्वेतांबर परंपरेत जिनबिंबाच्या प्रतिष्ठेच्या विधीलाच अंजनशलाका म्हणतात. प्राचीन इजिप्तमध्ये स्त्रीपुरुष दोघेही डोळ्यांना काळा सुरमा लावीत. पाश्चात्त्य देशांत मात्र ही रीत उशिरा रुजली, आणि त्यात मूकपटांचा वाटा मोठा होता. त्या काळच्या फिल्मला तांबडा रंग जवळजवळ दिसतच नसे आणि निळा रंग फिका उमटे. त्यामुळे निळ्या डोळ्यांच्या नट्यांचे डोळे पडद्यावर पांढुरके, निर्जीव दिसत. त्यांच्याभोवती गडद काळी छाया भरली की नजर उठून दिसे. थीडा बारा या अभिनेत्रीने १९१७ साली ‘क्लिओपात्रा’ची भूमिका केली ती अशाच काजळभरल्या डोळ्यांनी. तो चित्रपट आज काही तुकडे वगळता उपलब्ध नाही. छायाचित्रांतील ते डोळे मात्र उरले आहेत. पुढे १९२२ मध्ये तुतनखामेनची कबर सापडली आणि इजिप्तच्या काळ्या डोळ्यांचे वेड युरोप-अमेरिकेत अधिकच वाढले. म्हणजे पूर्वेकडील काजळ पश्चिमेला जाऊन, नवे नाव धारण करून, आपल्याकडे परत आले असेच म्हणायचे.

काजळात आणि स्मोकी आयमध्ये फरक आहे तो कडेचा. काजळाची रेघ रेखीव असावी लागते. येथे रेघ दिसली की काम फसले. पापणीच्या केसांपाशी रंग सर्वांत गडद, आणि वर जाता जाता तो धुरासारखा विरत विरत त्वचेत मिसळून गेला पाहिजे. माझी एक पुतणी या कामात तरबेज आहे. तिने एका दुपारी मला समोर बसवून सारा क्रम दाखवला. मॉडेल अर्थातच मी नव्हतो, माझी सौ. होती.

प्रथम पापणीवर प्रायमर किंवा कन्सीलरचा अगदी पातळ थर. त्वचा तेलकट राहिली तर रंग तासाभरात घडीत गोळा होतो. मग स्वतःच्या वर्णापेक्षा किंचित गडद अशी तपकिरी छटा मऊ, फुगीर ब्रशने पापणीवरच्या घडीत हलकेच पुढे-मागे फिरवायची. ही मधली छटा पुष्कळजणी गाळतात. काळा आणि त्वचा यांमध्ये पूल नसला तर दोन्ही वेगवेगळे दिसतात आणि कितीही घासले तरी धूर होत नाही. त्यानंतर वरच्या पापणीच्या केसांलगत काजळाची पेन्सिल जाडसर फिरवून, ती सुकण्यापूर्वी लहान ब्रशने वरच्या दिशेला पसरवायची. त्यावर गडद आयशॅडो लावायची, पण घासून नव्हे, थोपटून, दाबून. घासल्याने खालचा थर निघतो आणि भुकटी गालावर सांडते. शेवटी रंग न लावलेला स्वच्छ ब्रश घेऊन फक्त कडा पुसट करायच्या. सगळ्यांत जास्त वेळ याच पायरीला द्यावा असे तिचे म्हणणे. खालच्या पापणीला तीच छटा बाहेरच्या अर्ध्या भागापुरती, मग मस्कारा. गडद भुकटी सांडणारच, म्हणून आधी डोळे करून मग चेहऱ्याचा बाकीचा मेकअप करावा. उलट केले तर केलेले पुसावे लागते.

“काका, आपल्या गव्हाळ रंगावर करडी छटा राखेसारखी दिसते,” ती म्हणाली. “तपकिरी, तांबूस, जांभूळ रंग किंवा गडद हिरवा घ्यावा.” तिने पापणीवर रंग चढवला तेव्हा तिचा मुद्दा मला पटला. डोळ्यांचा पांढरा भाग अधिक पांढरा वाटू लागला होता. शेजारी काळे असले की पांढरे खुलते, एवढाच त्यातला न्याय.

परंतु जांभूळ आणि तांबूस या छटांपाशीच माझ्यातला निवृत्त अधिकारी जागा झाला. बँकेत कर्जप्रकरण तपासताना पहिले पान कोणीही वाचतो; खरी माहिती मागच्या बारीक अक्षरांत असते. मी डबी उलटी करून भिंग घेतले. साहित्याच्या यादीत एक नोंद होती: सी. आय. ७५४७०. हा रंगाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक कार्माइनचा. कार्माइन म्हणजे कोचिनियल या किड्यापासून काढलेला लाल रंग. हे किडे निवडुंगावर पोसले जातात, मुख्यतः पेरू देशात. माद्या गोळा करून, वाळवून, त्यांच्यापासून रंग काढतात. एका पौंड रंगद्रव्यासाठी सुमारे सत्तर हजार किडे लागतात, असा अंदाज नेहमी दिला जातो. डोळ्यांच्या प्रसाधनांतच हा रंग वारंवार आढळण्याचे कारणही कायदेशीर आहे: अमेरिकेत डांबरापासून तयार होणाऱ्या बहुतेक लाल रंगांना डोळ्यांच्या परिसरात मनाई आहे, कार्माइनला परवानगी आहे.

तिथीला हिरवी भाजीसुद्धा न चिरणाऱ्या घरातील मुलीच्या पापणीवर हे असावे, आणि तिला ते ठाऊकही नसावे, याचे मला वाईट वाटले. तिचा यात काही दोष नाही. खाद्यपदार्थाच्या पाकिटावर आपण हिरवा ठिपका पाहतो तसा तो प्रत्येक आयशॅडोवर सापडेलच असे नाही. म्हणून यादी वाचणे आले. शुद्ध काळ्या छटेत बहुधा काळे लोह ऑक्साइड, सी. आय. ७७४९९, किंवा काजळीच असलेले कार्बन ब्लॅक, सी. आय. ७७२६६ असते, त्यांत प्राणिज काही नाही. कार्माइन शोधायचे ते गुलाबी, मरून आणि जांभूळ छटांत. मोत्यासारखी चकाकी असेल तर ग्वानिन, सी. आय. ७५१७०, आहे का ते पाहावे. ते माशांच्या खवल्यांपासून मिळते. अभ्रकाची चकाकी खनिज असते, मात्र अभ्रकाच्या खाणींत झारखंडमध्ये लहान मुले राबतात, हेही आता सर्वज्ञात आहे. काजळाच्या पेन्सिलीत ‘सेरा अल्बा’ लिहिले असेल तर ते मधमाशीचे मेण. मध वर्ज्य असलेल्या घराने त्याचे काय करायचे ते ठरवावे. कार्नोबा हे पामच्या पानांपासूनचे मेण वापरलेल्या पेन्सिलीही मिळतात. मस्कारात शेलॅक, म्हणजे लाख, असू शकते. आणि ब्रश! खारीच्या, बकरीच्या, घोड्याच्या केसांचे ब्रश ‘नैसर्गिक’ या गोंडस शब्दाखाली विकले जातात. कृत्रिम तंतूंचे ब्रश धुवायला सोपे आणि लवकर सुकणारे. त्यांनी उत्तम काम होते, असा पुतणीचा अनुभव.

येथे एक बारकावा सांगितला पाहिजे. यादीच्या शेवटी कित्येकदा अधिक-उणे चिन्ह किंवा ‘असू शकेल’ अशा अर्थाचे शब्द असतात आणि त्यापुढे रंगांची रांग. कंपनी एकाच मालिकेतील सर्व छटांसाठी एकच यादी छापते. तेव्हा तेथे कार्माइन लिहिलेले असले तरी तुमच्या हातातल्या छटेत ते असेलच असे नाही. ताळेबंदाखाली आपण संभाव्य देयता दाखवतो त्यातलाच हा प्रकार. अशा वेळी मी बँकेत जे केले असते तेच करावे: कंपनीला लेखी विचारावे, आणि लेखी उत्तर येईपर्यंत प्रकरण मंजूर करू नये. ग्लिसरीन आणि स्टिअरिक आम्ल ही वनस्पतिजन्यही असतात आणि प्राणिजही. यादीवरून ते कळतच नाही, तेथेही लेखी विचारणे हाच मार्ग.

प्राण्यांवर सौंदर्यप्रसाधनांच्या चाचण्या करण्यास भारतात २०१४ पासून बंदी आहे, आणि तशा चाचण्या केलेल्या मालाच्या आयातीवरही त्याच वर्षी बंदी आली. ही समाधानाची गोष्ट. पण ‘चाचणी नाही’ म्हणजे ‘प्राणिज घटक नाही’ असे नव्हे. डबीवरचे सशाचे चित्र पाहून कित्येकजण येथेच फसतात.

डोळ्यांच्या आरोग्याचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. १९३३ च्या सुमारास अमेरिकेत ‘लॅश ल्यूर’ नावाच्या पापण्यांच्या रंगाने स्त्रियांचे डोळे गेले; त्यातील पॅरा-फेनिलिनडायमिन हे द्रव्य त्याला कारणीभूत होते. अशा घटनांनंतरच तेथे १९३८ चा कायदा झाला आणि सौंदर्यप्रसाधने प्रथमच सरकारी नियंत्रणाखाली आली. आपल्याकडे प्रसाधने रंगवण्यासाठी शिसे आणि आर्सेनिक यांची संयुगे वापरण्यास मनाई आहे, आणि रंगांत अशुद्धी म्हणून येणारे शिसे दहा लाख भागांत २० भागांहून जास्त चालत नाही. खड्याचा पारंपरिक सुरमा बहुधा गॅलेना, म्हणजे शिशाचे सल्फाइडच असतो. तो ‘जुना, घरगुती’ म्हणून सुरक्षित ठरत नाही. तान्ह्या बाळाच्या डोळ्यांत तर काजळही घालू नये, असे नेत्रतज्ज्ञ सांगतात.

आपल्या वाचकांपैकी कितीतरी कुटुंबांची बँगल स्टोअर्स, जनरल स्टोअर्स आहेत. त्यांना एक विनंती. घाऊक बाजारातून आयात केलेल्या म्हणून येणाऱ्या पॅलेटवर आयातदाराचे नाव-पत्ता, नोंदणी क्रमांक, बॅच क्रमांक आणि वापरण्याची मुदत नसेल तर तो माल, कितीही स्वस्त असला तरी, काउंटरवर ठेवू नये. आणि एक फळी केवळ वनस्पतिजन्य-खनिज प्रसाधनांची, नीट तपासून, लेखी खात्री करून मांडावी. गिऱ्हाईक विचारत नाही म्हणून मागणी नाही, असा निष्कर्ष काढणे हे कच्च्या व्यापाऱ्याचे लक्षण. ‘यात किडा नाही’ असे सांगितल्यावर आमच्या घरातील पाचजणींनी तीच पेन्सिल मागवली.

लग्नघरात एकाच पेन्सिलीने सात बहिणींचे डोळे भरले जातात, हे प्रेमाचे असले तरी डोळे येण्याच्या साथीला आमंत्रण आहे. नवरीने स्वतःची पेन्सिल आणि मस्कारा ब्यूटीशियनकडे द्यावा. कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर त्या आधी घालाव्यात आणि मेकअप उतरवण्यापूर्वी काढाव्यात. डबीवर उघड्या बरणीचे चित्र आणि त्यात ‘१२ एम’ असा आकडा असतो. म्हणजे उघडल्यापासून बारा महिने. मस्कारा तीन महिन्यांत टाकून द्यावा. मागच्या वर्षीच्या लग्नातला या वर्षीच्या लग्नात चालत नाही, पैसे कितीही दिलेले असोत. आणि वरात येऊन, पाठवणी होऊन, कितीही थकवा आला असला तरी झोपण्यापूर्वी हे सारे उतरवायचे: कापसावर खोबरेल तेल घेऊन मिटलेल्या पापणीवर क्षणभर धरायचे, चोळायचे नाही, वरून खाली पुसायचे, मग सौम्य साबणाने चेहरा धुवायचा. त्या कापसावर काळे उमटणे थांबेपर्यंत दोनतीनदा करावे लागते.