राहू, पृथ्वीची छाया आणि ब्रह्मगुप्ताची कोंडी

१/ ग्रहण लागले की 'दे दान, सुटे गिराण' ही हाक महाराष्ट्राच्या गावोगावी पिढ्यान्‌पिढ्या घुमत आली. हाक देणारे बहुधा गावकुसाबाहेरचे. राहूने चंद्र ग्रासला आहे, दान दिल्यास तो सुटेल, ही त्यामागची श्रद्धा. दान देणाऱ्या घरातल्या पंचांगात मात्र स्पर्श, मध्य आणि मोक्ष यांच्या वेळा आधीच छापलेल्या असत. आणि ते गणित राहूच्या भुकेवर नव्हे, पृथ्वीच्या छायेवर केलेले असे. या विसंगतीला सुमारे दीड हजार वर्षांचा इतिहास आहे. 'आमचा ग्रंथ ईश्वरप्रणीत आहे, कारण आधुनिक विज्ञान त्यात आधीच सांगितले आहे' असे म्हणणाऱ्यांनी तो अवश्य वाचावा.

२/ इ. स. ४९९. आर्यभटाने 'आर्यभटीया'त स्पष्ट लिहिले की सूर्यग्रहणात चंद्र सूर्याला झाकतो आणि चंद्रग्रहणात पृथ्वीची छाया चंद्राला झाकते. छायेची लांबी आणि व्यास काढण्याची रीतही त्याने दिली. सहाव्या शतकात वराहमिहिराने 'बृहत्संहिते'त हेच कारण मांडले आणि ग्रहण राहूमुळे होते हे मत खोडून काढले.

३/ अडचण अशी, की श्रुती आणि पुराणे निराळे सांगत होती. ऋग्वेदाच्या पाचव्या मंडलात स्वर्भानू नावाचा असुर सूर्याला अंधाराने वेधतो आणि अत्री ऋषी त्याला सोडवतात. पुराणांत हा स्वर्भानूच राहू झाला. ग्रहणकाळचे स्नान, दान, श्राद्ध यांविषयीचे सारे विधी या कथेवर उभे होते. आता ज्योतिष्याने काय करावे?

४/ इ. स. ६२८. ब्रह्मगुप्त अवघा तीस वर्षांचा होता. 'ब्राह्मस्फुटसिद्धान्ता'त त्याने आर्यभट आणि वराहमिहिर यांना दोष दिला. तो दोष गणिताचा नव्हता. राहूला नाकारणे वेद, स्मृती आणि संहिता यांच्या विरुद्ध जाते, असा त्याचा आक्षेप होता. शून्यासह गणित करण्याचे नियम लिहून ठेवणारा हा असामान्य बुद्धीचा माणूस राहूच्या बाजूने वकिली करीत उभा राहिला.

५/ मग त्याने तोड काढली. ब्रह्मदेवाच्या वराने राहू पृथ्वीच्या छायेत शिरतो आणि चंद्राला झाकतो. चंद्रबिंबात शिरतो आणि सूर्याला झाकतो. म्हणजे ग्रंथही खरा, छायाही खरी! परंतु त्याच ग्रंथातले ग्रहणाचे गणित पाहा. तेथे छायेचा व्यास आहे, चंद्राचा शर आहे, बिंबांची मापे आहेत. राहूच्या देहाचे माप कोठेही नाही. ज्याला वगळूनही उत्तर अचूक येते, तो कारण कसा असेल?

६/ सुमारे चारशे वर्षांनी, इ. स. १०३०च्या सुमारास, अल्‌-बिरूनीने हिंदुस्थानावरील आपल्या ग्रंथात नेमके याच जागी बोट ठेवले. ब्रह्मगुप्ताच्या विद्वत्तेविषयी त्याला नितांत आदर होता. म्हणूनच त्याला प्रश्न पडला, की सत्य ठाऊक असलेला मनुष्य असे का लिहितो? सॉक्रेटिसावर ओढवले तसे काही आपल्यावर ओढवू नये, ही भीती त्यामागे असावी, असा तर्क त्याने केला. तर्क खरा असो वा नसो, ग्रंथाची मर्यादा ओलांडून त्याला निसर्गावर साक्षीदार म्हणून उभे केले की शहाण्या माणसालाही मन मारावे लागते, हे मात्र येथे स्वच्छ दिसते.

७/ आणि ही मर्यादा कोणा परक्याने घातलेली नाही. मीमांसकांच्या मते वेद अपौरुषेय. त्याला मानवी कर्ता नाही आणि ईश्वरही कर्ता नाही. तरीही त्याचे प्रामाण्य कोठे? जे प्रत्यक्षाने वा अनुमानाने कळू शकत नाही तेथे, म्हणजे धर्माच्या बाबतीत. शंकराचार्यांनी गीताभाष्यात तर सांगून टाकले, की अग्नी थंड आहे असे शंभर श्रुतींनी सांगितले तरी ते प्रमाण ठरणार नाही. वेद मानणाऱ्यांतल्या सर्वांत कडव्या मंडळींनी हे कुंपण स्वतः घातले होते.

८/ युरोपातही वाद नेमका याच कुंपणाचा होता. गॅलिलिओने १६१५ साली ग्रँड डचेस क्रिस्तिना हिला लिहिलेल्या पत्रात म्हटले, की बायबलचा हेतू मोक्षमार्ग दाखवण्याचा आहे, आकाशाची रचना शिकवण्याचा नव्हे. कार्डिनल बेलार्मिनोनेही त्याच वर्षी मान्य केले, की पृथ्वी फिरते हे खरोखर सिद्ध झाले तर बायबलच्या अर्थाचा फेरविचार करावा लागेल. मात्र तशी सिद्धता त्याला दिसत नव्हती. १६३३ साली गॅलिलिओला शिक्षा झाली. पृथ्वी फिरतच राहिली.

९/ एकोणिसाव्या शतकात मात्र डाव उलटला. तोवर 'विज्ञानाने ग्रंथापुढे वाकावे' असा आग्रह होता. आता 'विज्ञान ग्रंथातच आहे' असा झाला. १८७५ साली पुण्यात व्याख्याने देऊन गेलेल्या स्वामी दयानंदांनी 'ऋग्वेदादिभाष्यभूमिके'त वेदांत तारविद्येचे मूळ दाखवले. पारतंत्र्यातल्या समाजाला आत्मविश्वास देण्याचा तो प्रयत्न होता, हे समजून घेऊ. पण एक प्रश्न उरतोच. तारांचे जाळे देशात १८५०च्या दशकात पसरले. वेदातली तारविद्या त्यानंतरच का दिसली?

१०/ आजचे लाडके उदाहरण म्हणजे प्रकाशाचा वेग. चौदाव्या शतकातल्या सायणाचार्यांनी ऋग्वेदाच्या एका सूर्यसूक्तावरील भाष्यात अर्ध्या निमिषात २२०२ योजने असा उल्लेख केला आहे. योजन आणि निमिष यांची प्राचीन मापे एक नाहीत, अनेक आहेत. त्यांतली सोयीची निवडली की उत्तर सेकंदाला तीन लाख किलोमीटरच्या जवळ येते. उत्तर आधी माहीत असल्याशिवाय यातले कोणते माप निवडावे, हे कसे कळणार? १६७६ साली रोमरने गुरूच्या उपग्रहाच्या ग्रहणांवरून प्रकाशाला वेग असल्याचे दाखवले. त्याच्याजवळ निरीक्षणे होती आणि त्यांच्या बळावर त्याने पुढील ग्रहणाला किती उशीर होईल याचे भाकीत केले होते.

११/ हा रोग एका धर्माचा नाही. उत्पत्तीच्या पुस्तकातले सहा दिवस म्हणजे भूशास्त्रीय युगे, असे ख्रिस्ती पंडित म्हणू लागले ते भूशास्त्राने पृथ्वीचे वय वाढवल्यावर. फ्रेंच डॉक्टर मोरिस ब्युकाय यांनी १९७६ साली कुराणात आधुनिक विज्ञान दाखवणारे पुस्तक लिहिले. त्याचे अनुकरण आजही चालू आहे. तिन्ही ठिकाणी क्रम एकच: आधी शोध, मग ग्रंथातला 'पुरावा'. शोधापूर्वी कोणाही भाष्यकाराला तो अर्थ का सुचला नव्हता, याचे उत्तर कोणी देत नाही.

१२/ शिवाय यात श्रद्धेचाच तोटा आहे. विज्ञान उद्या आपले मत बदलू शकते. बदलणे हाच त्याचा धर्म. आजच्या सिद्धान्ताला ग्रंथ बांधलात तर तो सिद्धान्त सुधारला गेल्यावर ग्रंथही खोटा ठरवणार का? आणि प्रयोगशाळेच्या शिक्क्यावाचून ज्याचे ईश्वरत्व टिकत नाही, त्याला ईश्वरप्रणीत म्हणणारा खरे प्रामाण्य कोणाचे मानतो, हे उघड आहे.

१३/ दुसऱ्या बाजूलाही एक सांगणे आहे. 'वेदात स्वर्भानू आहे, म्हणून वेद टाकाऊ' असे म्हणणाराही सूक्ताला खगोलशास्त्राचे क्रमिक पुस्तक समजतो. चूक तीच, निष्कर्ष उलटा. अंधाराला घाबरलेल्या आणि प्रकाश परतल्यावर आनंदलेल्या माणसांचे ते प्राचीन काव्य आहे. ग्रंथामागे ईश्वर आहे की नाही, हे दुर्बिणीतून दिसणार नाही.

१४/ मग ग्रंथ तपासायचाच नाही का? तपासायचा, आणि कठोरपणे तपासायचा; पण जेथे तो अधिकार सांगतो तेथे, म्हणजे माणसाने माणसाशी कसे वागावे या प्रश्नावर. अग्नीबाबत श्रुतीला मर्यादा घालणाऱ्या शंकराचार्यांनीच ब्रह्मसूत्रभाष्यात शूद्राला वेदश्रवणाचा अधिकार नाकारला. महात्मा फुल्यांनी नेमके येथे बोट ठेवले. त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ साली प्रसिद्ध झालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'ची कसोटी साधी आहे: निर्माता सर्वांचा असेल, तर त्याच्या नावावरचे पुस्तक सर्व स्त्रीपुरुषांना समान हक्क देते का? या कसोटीला योजने आणि निमिषे लागत नाहीत, आणि तिच्यापासून कोणत्याही धर्माचा ग्रंथ सुटत नाही.

१५/ 'दे दान, सुटे गिराण' म्हणत दारोदार फिरणाऱ्याला तो ग्रंथ ऐकण्याची मुभा नव्हती, हे ज्याला खटकत नाही आणि त्याच ग्रंथात प्रकाशाचा वेग सापडल्याने ज्याची छाती फुगते, त्याने स्वतःला विचारावे, की आपण ईश्वर शोधतो आहोत की अभिमान? पुढच्या ग्रहणाला पंचांग उघडा. त्यातली वेळ चुकणार नाही. ती आर्यभटाच्या छायेची देणगी आहे, आणि तिचा अभिमान बाळगायला कोणत्याही चमत्काराची गरज नाही.

(धागा समाप्त)