कानाचा कौल

आपल्याकडील सुशिक्षितांत एक हौस बळावली आहे. परदेशांतील एखादें गांव घ्यावें, त्याच्या नांवाशीं उच्चारानें जुळणारा संस्कृत शब्द कोशांतून काढावा, आणि ‘हेंच मूळ’ म्हणून टाळ्या मिळवाव्या. या हौसेला स्वदेशाभिमान म्हणतात, म्हणून तिच्याविरुद्ध बोलणें अप्रिय होतें. तथापि बोललें पाहिजे. कारण व्युत्पत्ति कानाच्या कौलावर ठरत नाहीं, ती जुन्या लेखांच्या क्रमावर ठरते.

इंग्लंडमधील यॉर्क शहराचेंच उदाहरण घ्या. इ. स. ७१ च्या सुमारास रोमन सैन्याच्या नवव्या पलटणीनें तेथें ठाणें वसविलें. रोमन लेखांत त्याचें नांव ‘एबोराकम’ किंवा ‘एबुराकम’ असें येतें. तें मूळचें लॅटिन नव्हे. तें स्थानिक केल्टिक भाषेंतलें असून त्याचा अर्थ बहुधा ‘यू वृक्षांचें ठिकाण’ असा आहे. पुढें अँग्लो-सॅक्सन लोक आले. त्यांना त्या नांवांत आपला ‘एओफोर’, म्हणजे रानडुक्कर, हा शब्द ऐकूं आला. त्याला वस्तीवाचक ‘विक’ जोडून त्यांनीं ‘एओफोरविक’ केलें. ८६६ सालीं डेन लोकांनीं शहर जिंकलें, आणि त्यांच्या तोंडीं तें ‘योर्विक’ झालें. त्यांच्या भाषेंत ‘योर’ म्हणजे घोडा आणि ‘विक’ म्हणजे खाडी! १०८६ च्या डूम्सडे बुकांत ‘एउरुइक’ असें लिहिलें आहे; पुढें अक्षरें झिजत ‘यॉर्क’ एवढेंच उरलें.

वृक्षाचें डुक्कर झालें, डुकराचा घोडा झाला; आणि प्रत्येकाच्या कानाला आपापला अर्थ चोखच वाटला असेल! मधले लेख नष्ट झाले असते, तर नुसत्या ‘यॉर्क’ या उच्चारावरून त्या वृक्षाचा पत्ता कोणास लागला असता? आमच्या शब्दपंडितांची रीत त्या डेन लोकांहून तिळभरही निराळी नाहीं. भेद एवढाच, कीं डेन लोकांनीं तिला शास्त्र म्हटलें नाहीं.

कोणी म्हणेल, संस्कृत आणि केल्टिक या एकाच कुळांतील भाषा ना? मग नातें कां नसावें? भाषांचें नातें आहेच. परंतु एखाद्या शब्दाचें नातें ध्वनिपरिवर्तनाच्या नियमांनीं सिद्ध करावें लागतें. चेहरा जुळला म्हणून न्यायालय कोणास वारस ठरवीत नाहीं. तें वंशावळ मागतें. यॉर्कचा आर्चबिशप अद्यापि सहींत ‘एबोर’ लिहितो, वेल्श लोक त्या शहरास ‘एव्रोग’ म्हणतात. वंशावळ म्हणतात ती ही.

आपल्या गांवांच्या नांवांचीं जुनीं रूपें ताम्रपटांत आणि दप्तरांत आहेत. व्युत्पत्तीची हौस असेल त्यानें आधीं तीं वाचावीं. पूर्वजांचा खरा मान त्यांचे लेख वाचण्यांत आहे. त्यांच्या नांवावर परक्यांचीं गांवें चढविण्यांत नाहीं.