मृताच्या मजुरीची साक्ष

इतवारीतील व्यापाऱ्यांच्या दानतीविषयी आम्हांस शंका नाही. दुकानातला दिवाणजी, हातगाडीवरचा हमाल किंवा वसुलीस सायकलवर फिरणारा पोऱ्या एखाद्या भरधाव मालमोटारीखाली सापडला, तर त्याच्या घरी पहिला शिधा बहुधा पेढीवरूनच जातो; अंत्यविधीचा खर्चही पुष्कळदा शेटजीच करतात. आमची तक्रार त्यापुढची आहे. मृताची विधवा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे उभी राहते, नवऱ्याची मिळकत किती होती हे तिला सिद्ध करावयाचे असते, आणि ज्यांनी वर्षानुवर्षे ती मजुरी स्वतःच्या हाताने मोजून दिली ते गृहस्थ साक्षीस फिरकत नाहीत.

का फिरकत नाहीत, हे बाजारात सर्वांस ठाऊक आहे. मजुरी वहीत नसते. असली तर खऱ्या आकड्याने नसते. साक्ष द्यावी तर किमान वेतनाचा, भविष्यनिर्वाह निधीचा, प्राप्तिकराचा प्रश्न निघेल ही धास्ती. मग काल ‘घरच्यासारखा’ असलेला माणूस आज ‘कधीमधी कामाला येणारा’ ठरतो.

या एका वाक्याची किंमत काय, ते एकदा हिशेबाने पाहू. इतवारीला हिशेबाचे वावडे नाही. समजा, मृताचे वय अडतीस, मागे पत्नी, दोन मुले व वृद्ध आई, आणि मजुरी दरमहा १२,००० रुपये. सर्वोच्च न्यायालयाने २००९ व २०१७ सालच्या निर्णयांनी भरपाईची रीत ठरवून दिली आहे. वार्षिक मिळकत १,४४,०००. चाळिशीच्या आतील अशा कमावत्यासाठी भावी वाढ म्हणून त्यात चाळीस टक्के मिळवावयाचे. चार आश्रित असल्याने मृताचा स्वतःचा खर्च म्हणून चौथा हिस्सा वजा करावयाचा. उरले त्यास त्या वयाच्या पंधरा या गुणकाने गुणावयाचे. रक्कम होते २२,६८,००० रुपये. आता मिळकतीचा पुरावा नाही म्हणून न्यायाधिकरणाने अंदाजाने दरमहा ८,००० धरले, तर तीच रीत १५,१२,००० वर येऊन थांबते. साडेसात लाखांहून अधिक तूट! शेटजींनी दिलेल्या शिध्याची या रकमेशी तुलना करण्याचे आम्ही त्यांच्यावरच सोपवितो.

महाराष्ट्राच्या १९६९ च्या माथाडी कायद्याने या दुखण्यावरचा इलाज पूर्वीच सांगून ठेवला आहे. नोंदणी झालेल्या हमालाची मजुरी मंडळामार्फत वाटली जाते, म्हणून तिची नोंद तिऱ्हाइताकडे राहते आणि मालकाच्या आठवणीवर कोणाचे पोट अवलंबून राहत नाही. पण पेढीवरचा नोकर आणि नोंदणीबाहेरचा हमाल यांना हे कवच नाही.

आमच्या सुशिक्षित वाचकवर्गातही एक नाजूक आक्षेप वारंवार ऐकू येतो. माणूस गेला, आता त्याच्या जिवाचे पैसे कसले मागावयाचे? आम्हांस हा आक्षेप पोकळ वाटतो. ज्यांच्या घरी निवृत्तिवेतन व विमा आहे त्यांनाच तो परवडतो. १८५५ च्या प्राणघातक अपघात कायद्याने पत्नी, पती, आईबाप व मुले यांचा हा हक्क मान्य केला, तेव्हा या देशात आगगाडी सुरू होऊन अवघी दोन वर्षे झाली होती. हक्क इतका जुना असून तो मागताना विधवेने मान खाली घालावी, हे आम्हांस मुळीच पटत नाही.

उलट, न मागण्यापेक्षाही उशिराने मिळणे किती जाचक असते याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. तेव्हाच्या औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात १९६३ साली शस्त्रक्रियेत पोटात टॉवेल राहून एक स्त्री दगावली. पतीने व मुलांनी दावा लावला. खालच्या न्यायालयाने ३६,००० रुपये दिले, उच्च न्यायालयाने ते काढून घेतले, आणि सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा दिले १९९६ साली. तेहेतीस वर्षे! तो दावा दिवाणी होता; मोटार अपघातासाठी स्वतंत्र न्यायाधिकरण आहे आणि अर्जदारास आपण राहतो तेथेही अर्ज करता येतो, म्हणजे भंडाऱ्याकडच्या खेड्यात परतलेल्या विधवेस नागपूरच्या खेपा घालाव्याच लागतात असे नाही. मात्र १ एप्रिल २०२२ पासून या अर्जास सहा महिन्यांची मुदत घालण्यात आली. तिला आव्हान मिळाले आणि याचिकांचा निकाल लागेपर्यंत केवळ मुदतीच्या कारणाने अर्ज फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला. त्या आदेशाच्या भरवशावर कोणी निवांत राहू नये. पुरावा मुदतीपेक्षा लवकर नाहीसा होतो. सोबती गाव सोडतात, चिठ्ठ्या रद्दीत जातात.

सराफा ओळीपासून मस्कासाथपर्यंतच्या व्यापारी मंडळांकडे आमचे मागणे थोडके आहे. लक्ष्मीपूजनास नवी वही मांडाल तेव्हा तीत नोकराचे नाव, त्याचे काम आणि त्याला खरोखर दिलेली रक्कम यांचे एक पान उघडा, आणि महिनाअखेर त्याची सही घेऊन एक प्रत त्याच्या घरी जाऊ द्या. आणि ज्यांच्या पेढीवरचा माणूस याच वर्षी गेला आहे, त्यांनी समन्स येण्याची वाट न पाहता त्याच्या वेतनाचा खरा दाखला त्याच्या पत्नीच्या हाती याच आठवड्यात द्यावा.